दोन गिअरांच्या मधली पिन

७ सप्टें., रविवार
गिअरबॉक्स अखेर वर आला. गल्लीतला गॅरेजवाला आणि त्याचा भाऊ दोघांनी मिळून जिन्यावरून चढवला आणि आईने काढून दिलेल्या जुन्या चादरीवर, थेट जेवणाच्या टेबलावर ठेवला. आई म्हणाली, आता जेवायचं कुठे. बाबा म्हणाले, मांडीवर ताट घेऊन. बाबा खुशीत आहेत, मार्चनंतर पहिल्यांदाच.
गेलेल्या दादाकाकांची दोन सीटची हिरवी गाडी खाली पोटात भोक घेऊन उभी. सगळ्या घराला बस डेपोचा वास.

१० सप्टें., बुधवार
क्लिनिक लवकर आटपलं. दातांच्या डॉक्टरणीचा घरात हा एवढाच उपयोग: दात बघायचा आरसा गि.बॉ.च्या आत घालून पाहिलं. दुसऱ्या गिअरची पितळी रिंग पार गुळगुळीत. तिसरा गिअर सरकवणारा फोर्क एका अंगाने झिजलेला. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं ते खटला जिंकल्यासारखं. "बघितलंस? गिअर सुटत होता. मी सांगत नव्हतो?"
सांगत होते. मार्चपासून तेच सांगताहेत. प्रभादेवीच्या सिग्नलला गाडी थांबायच्या ऐवजी पुढे उसळली, फुलवालीची टोपली उडाली. बाई हातभर लांब होती म्हणून वाचली. बाबा म्हणाले गिअर सुटला. मी शेजारी बसले होते. बाबांचा पाय कुठे होता ते मी पाहिलंय. ॲक्सिलरेटरवर, ब्रेक समजून. तेव्हा मी "असेल" म्हणून गप्प बसले. त्यांचा हात इतका कापत होता, दुसरं काय म्हणणार.
आणि आता हा झिजलेला फोर्क. म्हणजे गिअर सुटतही असेल. पण त्या दिवशी नाही.

१३ सप्टें., शनिवार
नवी रिंग, नवा फोर्क, दोन्ही मिळताहेत. आईने मोडता घातला. पितृपक्षात नवी वस्तू घरात यायची नाही, घटस्थापनेनंतर काय ते आणा. बाबा या कशाला मानत नाहीत, पण ऐकलं. म्हणाले, ज्याची गाडी त्याच्याच पंधरवड्यात कशाला वाद.
त्यामुळे नुसतं धुणं-पुसणं. डिझेलमध्ये ब्रश घालून एकेक भाग, मग वर्तमानपत्रावर ओळीने. बाबा शिकवत होते, जन्मभर बँकेत काढलेला माणूस, पण ही गाडी त्यांनी काकांबरोबर तीनदा तरी उघडलीय. दोन रॉडच्या मधे एक पिन असते, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. एक गिअर पडला की ती दुसऱ्याला अडवते. ती नसेल तर दोन गिअर एकदम पडतील आणि चालत्या गाडीची चाकं जाम. "एवढीशी, पण हिच्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. दादाकाकांचा नियम."
छान गेली दुपार. आम्ही दोघं इतकं शेवटचं कधी बोललो होतो, आठवत नाही.

१५ सप्टें., सोमवार
दादाकाकांचं श्राद्ध. खीर वाढत असताना बाबांनी जाहीर केलं की दसऱ्याला गाडीची पूजा झाली की वरळी सीफेसला एक फेरी. एकटे. बरोबर कोणी नको, तुम्ही शेजारी बसून श्वास रोखता.
आईचा डाव पातेल्यातच राहिला. मी म्हटलं, हाताच्या कंपाचे डॉक्टर गाडी नको म्हणालेत. तर म्हणे, जपून म्हणालेत. मी त्या खोलीत होते. "गाडी बंद" असेच शब्द होते.
वाद घातला नाही. दुपारी बाबा आडवे झाले होते तेव्हा टेबलापाशी गेले आणि पिन उचलली. लॅबमधून दाताची कॅप येते त्या डबीत घालून पर्समध्ये. उद्या क्लिनिकच्या ड्रॉवरमध्ये ठेवीन. दसरा टळेपर्यंतच. मग पुढचं पुढे.
चोरी म्हणायची का याला? घरातल्या घरात.

१८ सप्टें., गुरुवार
लक्षात आलं त्यांच्या. सकाळपासून शोध. पलंगाखाली टॉर्च घेऊन ओणवे, गुडघ्याला फडकं बांधून. मीही शोधली. गालिचा झटकला, सोफ्याच्या फटीत हात घातला. आईला म्हटलं, तू पण बघ ना. इतकं बेमालूम जमतं मला, माहीत नव्हतं.

२० सप्टें., शनिवार
शोधणं थांबलं. जेवताना म्हणाले, "श्राद्धाच्या सकाळी मीच पुसायला घेतली होती. हातातून पडली असणार. कळलंसुद्धा नाही मला."
आणि ताटावर धरलेला स्वतःचा हात बघत राहिले.
तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडात घास होता. घास गिळून झाल्यावरही बोलले नाही.

२२ सप्टें., सोमवार
घट बसले. रिंग आणि फोर्क आणून टेबलावर ठेवले. बाबांनी पुडकं सोडलं नाही. मी म्हटलं, रे रोडला लेथवाल्याकडून पिन करून घेऊ या. कशाला म्हटलं? चांगली मुलगी दिसावं म्हणून. ते म्हणाले, माप कुठाय, मोजायची राहिली होती. मग, "आणि केली तरी बसवणार कोण?"

२५ सप्टें., गुरुवार
आईचा फोन, पेशंट खुर्चीत असताना. दाढीला न्हावी घरी बोलावलाय. शर्टाची बटणं आईकडून लावून घेतात. चहाचा कप अर्धाच भरायला सांगतात. "एका पिनेपायी माणूस असा होतो का गं?"
मी काय केलंय हे. गाडी थांबवायची होती, माणूसच थांबवला. तो थरथरणारा हात रोज डिझेलमध्ये बुडून कामाला लागला होता, तो मी मांडीवर ठेवायला लावला. लाज वाटते आणि लाज वाटण्यापलीकडे काही करत नाही, त्याचीही वाटते.

२७ सप्टें., शनिवार
शहाणपणा केला. पिन आणून हळूच कपाटाखाली ठेवली, पुढच्या कडेला, सापडेल अशी. म्हणजे त्यांची त्यांनाच मिळेल आणि मी सुटेन. पण शोधणार कोण? ते खुर्चीत. केर काढणारी बाई आली आणि पिन सरळ सुपलीत. मी धावत जाऊन केरात हात घातला. आई बघत होती. म्हणाली, "केराची एवढी काळजी तुला कधीपासून?" म्हटलं, कानातलं पडलं होतं. आज कानातलं घातलंच नव्हतं.

१ ऑक्टो., बुधवार
खंडेनवमी. आपल्याकडे ज्याची त्याची हत्यारं पाटावर. लहानपणी माझी कंपासपेटी असायची. आज माझा आरसा, चिमटा, दात काढायची पक्कड. बाबांचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर आईने मांडले, ते नकोच म्हणत होते. गि.बॉ. जागचा हलत नाही म्हणून टेबलाला झेंडूची माळ.
मांडता मांडता मी डबी उघडली आणि पिन माझ्या चिमट्याशेजारी ठेवली. ठरवलं नव्हतं.
बाबा गंध लावत आले. पाना, पाना, आरसा, चिमटा. बोट थांबलं.
"ही कुठे होती?"
"माझ्याकडे. श्राद्धाच्या दिवसापासून. तुमच्या हातून पडली नाही बाबा, मी उचलली."
आईच्या हातात घंटा तशीच. मी ओरडा खायच्या तयारीत उभी.
"म्हणजे माझ्या हातून पडली नाही."
"नाही."
त्यांनी पिनेला गंध लावलं. एवढं लावलं की पिन दिसेना. मी पुसायला हात पुढे केला तर म्हणाले, "आज हात लावायचा नाही. आज हत्यारांना सुट्टी."
नंतर स्वतः दाढी केली. हनुवटीला कापलं, कापूस लावून हिंडत होते. जेवताना मधेच, "नक्की ना? पडली नव्हती?" असं दिवसभर. का लपवलीस, ते मात्र विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.
आई स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "तू लपवलीस ते चूक. आणि दिलीस, आता हे चालवणार."
दोन्ही खरं.

२ ऑक्टो., गुरुवार
दसरा. सकाळी उत्तरपूजा, हत्यारं उचलली. बाबांनी आपट्याचं पान देतानाच म्हटलं, चल, टेबलापाशी.
रिंग बसली. फोर्क बसला. पिन मात्र भोकापाशी येऊन थरथरत राहिली, एकदा चादरीवर पडली. आई आतून बघत होती. मी घ्यायला पुढे झाले आणि मागे झाले. म्हटलं, बाबा, तोंडात काम करताना आम्ही शेजारच्या दातावर एक बोट टेकवतो, मग हात हलत नाही. त्यांनी करंगळी केसिंगच्या कडेला टेकवली. पिन आत गेली.
काय चेहरा झाला त्यांचा. मी रडलेच असते. हसले.
मग रॉड सरकवून पाहिला. एक गिअर पडला, दुसरा अडला. पुन्हा, पुन्हा. झाकण हातात घेतलं, बोल्ट माझ्या ओंजळीत दिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता खरं बोलायला लागलीच आहेस, तर एक सांग. मार्चमध्ये तू शेजारी होतीस. गिअर सुटला होता, की माझा पाय चुकला?"
मी म्हटलं, हात धुऊन येते.
खोलीत आलेय. हात धुतले नाहीत, या पानाला तेल लागतंय. बाहेर आवाज नाही. झाकण अजून लावलेलं नाही त्यांनी, बोल्ट माझ्याकडेच आहेत.
हाक मारताहेत. मिनू, म्हणून.