नीताची मुलाखत आणि माझा लॅपटॉप

१२ मे, सोमवार
पनवेल तापलंय. लॅपटॉप त्याहून. अकरा वर्षांचा आहे, पण बांधा मजबूत. शुक्रवारी अकराला बायकोची, नीताची ऑनलाइन मुलाखत. खारघरची शाळा, गणिताची शिक्षिका. चौदा वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली. यंदा सात अर्ज केले, बोलावलं फक्त या शाळेने. ती म्हणाली, शेजारच्या सत्यजीतचा लॅपटॉप मागून आणू. घरात तांत्रिक माणूस असताना? संकल्प: शुक्रवारपर्यंत लॅपटॉप थंडगार.

१३ मे, मंगळवार
नीताने अपूर्णांकांचा डेमो लेसन करून पाहिला. बाराव्या मिनिटाला स्क्रीन काळी. तिचा चेहरा उतरला. लेसन लांबतोय, अकरा मिनिटांत बसव, असं सुचवलं. लॅपटॉपखाली चार वाट्या पालथ्या घातल्या. हवा खेळती राहील.

१४ मे, बुधवार
हाफ डे घेतला. लॅपटॉप खोलला. आत धूळ, केस, एक मुंगी (मृत). जुन्या टूथब्रशने सफाई केली. जोडल्यावर एक स्क्रू उरला. जास्तीचा देत असावेत. पंख्याची घरघर मात्र पूर्ण बंद! नीताने विचारलं, "अहो, पंखा फिरतोय ना नक्की?" चांगल्या मशीनचा आवाज येत नाही, असं समजावलं.

१५ मे, गुरुवार
आज सातव्या मिनिटालाच बंद. सफाईनंतर मशीनला सेट व्हायला वेळ लागतो.
संध्याकाळी सत्यजीत स्वतःहून आपला लॅपटॉप घेऊन दारात. गोड बोलून परत पाठवला. जेवताना नीताने भाजीचं पातेलं माझ्यासमोर आपटलं. मुलाखतीचं टेन्शन.

१६ मे, शुक्रवार, सकाळी १०.४०
एसी अठरावर. टेबल फॅन. खाली टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ. नीता कुडकुडतेय. लॅपटॉप मजेत.

दुपारी १
११.०६ ला बंद. समोरचे तिन्ही परीक्षक गायब. नीता पांढरीफटक. मी म्हणालो, "हात लावू नकोस, दोन मिनिटांत चालू होईल."
तिने मोबाइल उचलला, स्वयंपाकघरात गेली, तो पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि पुन्हा जॉइन झाली. स्लाइड्स सगळ्या लॅपटॉपमध्ये. तिने पोळ्यांच्या डब्यातून एक पोळी काढली. अर्धी केली, पाव केली, मग आठ तुकडे. आवाज आधी कापत होता. तिसऱ्या तुकड्यापासून कापायचा थांबला.
मी तोवर लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवला. मागून जाताना कॅमेऱ्यात आलो असेन, फार नाही. तिने हाताने दोनदा खूण केली, "जा." पण मला दर दोन मिनिटांनी फ्रिज उघडून बघणं भाग होतं.

१९ मे, सोमवार
लॅपटॉप रिपेअरला दिला. दुकानदार कुंदन म्हणतो, पंख्याची वायरच जोडलेली नाही. मुळातलाच दोष असणार.
संध्याकाळी शाळेचा फोन. नीताची निवड झाली! पलंगावर बसून ती रडली, मग हसली. मी म्हणालो, माझ्या चार दिवसांच्या मेहनतीचाही थोडा वाटा आहेच. ती म्हणाली, आहे ना.
परीक्षकांनी शेवटी विचारलं होतं, दहादा सांगूनही न ऐकणारं मूल वर्गात असेल तर कसं सांभाळाल? नीताने मोबाइल जरासा फ्रिजकडे वळवला आणि म्हणाली, "सवय आहे."