लाईटवरची गिटार

नांदेड, १० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप रामलिंग काकांस,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की घरमालकीण धावत वर येते, म्हणून पत्र. ऑर्केस्ट्राच्या भोंग्यांनी तुमचे कान नेले, मला मात्र अक्षर सुधारावं लागतंय!

बातमी आनंदाची आहे. तुमच्या लाईटवरच्या, म्हणजे इलेक्ट्रिक, गिटारचे फोटो मुंबईच्या लिलाववाल्यांना फार आवडले. साठ वर्षांपूर्वीची, अमेरिकेतली, आतून कुणी न उघडलेली, असं ते म्हणतात. चार ते सहा लाखांचा अंदाज आहे. अभ्यासिकेच्या खुर्च्या, टेबलं, हॉलचं भाडं, सगळं निघेल. अहमदपूरच्या मुलींना अभ्यासासाठी लातूरला खोली करावी लागणार नाही. अभ्यासिकेची कल्पना माझी, पण त्यासाठी गिटार विकायचं तुम्हीच काढलंत, हे मी इथे सगळ्यांना सांगत असते.

एक कळकळीची विनंती. मुंबईच्या लोकांपुढे जायची म्हणून शेजारच्या शिवांशच्या गॅरेजात तुम्ही तिला ट्रॅक्टरचा लाल रंग मारून घेणार, असं कळलं. कृपा करून मारू नका! या बाजारात नव्या रंगाने किंमत निम्मी होते. खुंट्या, तारांखालची चुंबकं, आतली जोडणी, सगळं कारखान्यातून आलं तसंच हवं. वाजवून पडलेले ओरखडे चालतात, झाकलेले चालत नाहीत.

दोन गोष्टी कळवा. वरच्या शिंगावर, म्हणजे दांड्याजवळच्या वरच्या टोकावर, रंग पार उडून लाकूड दिसतंय. हात तर तिथे जात नाही, मग ते कशाने झालं? आणि राखीव भाव किती? त्याच्या खाली बोली राहिली तर गिटार परत येते. पण मोंढ्यातल्या धान्याच्या हर्राशीसारखं बोली संपल्यावर भाव पटला नाही म्हणून मालकाला माल उचलून नेता येत नाही. हातोडा पडला की गेली.

काकूंना नमस्कार. तुमची माया अशीच उघडी राहू द्या, रंगाचा डबा मात्र बंद.

तुमची सुकन्या

---

अहमदपूर, १६ नोव्हेंबर

चि. सुकन्या हिस, काकाचे अनेक आशीर्वाद.

आपल्या घरात पहिली पदवी आली आन् तिच्या मागं पहिला हुकूमबी आला. बरं, न्हाई मारत रंग. शिवांशनं डबा फोडला होता, त्यानं त्याची मोटरसायकल लाल करून टाकली. आमच्या मोंढ्यात तूर चाळून आणली तर भाव चढतो, तुझ्या मुंबईत मळक्या मालाला भाव! लई अजब दुकानदारी हाय.

शिंगावर सदऱ्याचं बटन घासलं असंल. तसं लिहून टाक. राखीव भाव चार लाख घाल. घरात नुसती पडून हाय आन् मला आता ऐकू तरी कुठं येतं? खोकं बांधून राहिलो, २५ तारखेला सोमवारी माणूस धाड. पोरी खुर्चीवर बसून शिकल्या की मला सगळं ऐकू आलं म्हण.

आहे तो आशीर्वाद तुलाच आहे.

तुझा काका

ता. क. मी तुझी काकू रत्नम्मा. पाकीट डकवायला माझ्याकडं दिलं, तवा वाचलं. बटन-बिटन काई न्हाई. रोज सांजच्याला वायर न लावता मांडीवर घेतात आन् त्या शिंगावर हनुवटी दाबून वाजवतात. लाकडातून हाडात येतं म्हणतात. तेवढंच ऐकू येतं बघ त्यांना. माझी हाक येत न्हाई, ते मी सोसलं. खोकं बांधल्यापासून दोनदा सोडून बसले. तू शिकलेली, तू ठरव.

---

नांदेड, २१ नोव्हेंबर

तीर्थरूप काकांस, शि. सा. न. वि. वि.

सोमवारी माणूस येणार नाही. हनुवटीचं मला काकूंनी कळवलं. त्यांना बोलू नका, मीच सगळं सांगते.

बटणाचा खुलासा न पाठवता मी खरा पाठवला. मुंबईच्या लिलाववाल्या बाईंचं लगेच उत्तर आलं, की ही हकिकत लेखी दिलीत तर भाव आणखी चढेल, गिऱ्हाइकांना अशी गोष्ट फार आवडते. वाचून मला रडूच आलं. तुमचं ऐकणं कुणाच्या तरी काचेच्या कपाटात टांगायचं आणि वर त्याचे जास्त पैसे घ्यायचे!

मग राखीव भावाचा रकाना पुढे घेऊन बसले. चार लिहिले, खोडले. सहा लिहिले, तेही खोडले. कितीही लिहिलं तरी कमीच वाटे. करारावर तुमची सही अजून व्हायची होती, म्हणून कळवून टाकलं, की मालकाला भाव पटला नाही, माल घरीच राहील. हा मोंढ्याचाच कायदा आहे, तुमच्याकडूनच शिकले.

अभ्यासिका मात्र होणार. तुमचं आडतीच्या धान्याचं गोदाम रिकामंच आहे. सतरंज्या आणि ट्यूबलाइट माझ्या पगारातून. मुलींच्या घरी मी फोनवर विचारलं. खुर्च्यांचं कुणी विचारलं नाही, दारात ओळखीचं माणूस कोण असेल, एवढंच सगळ्यांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगून बसले आहे.

रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण पत्राने, म्हणजे जपून ठेवता येईल.

तुमची सुकन्या

---

अहमदपूर, १२ जानेवारी २०२५

चि. सुकन्या हिस, अनेक आशीर्वाद.

सौदा मोडलास म्हणून लई रागात होतो. तुझ्या काकूनं समोर बसून खोकं सोडलं, तवा गेला राग.

गोदाम भरून गेलं बघ. भामाबाईची रूपाली सगळ्यांच्या आधी येते आन् ट्यूबखालची जागा धरते. मी दारात स्टुलावर. डोक्यावर तू लावलेली पाटी, आवाज करू नये. तिच्या खाली मी गिटार घेऊन बसलो, तर तुझी काकू म्हणाली, म्हातारपणी अक्कल इकून आलात का? मला धाकधूक झाली. रूपालीला इचारलं, तरास होतो का? तिनं वहीच्या कोपऱ्यावर लिहून दिलं, की आजोबा, तुम्ही वाजवताय हे आम्हाला तुमची मान डुलते म्हणून कळतं.

वायर न लावलेली गिटार हाय पोरी. भरल्या खोलीत कुणालाच ऐकू येत न्हाई. एकट्या मला येतं.

गिटारला दोन शिंगं असतात. दुसऱ्याचा रंग अजून शाबूत हाय. रविवारी ये आन् हनुवटी टेकव.

तुझा काका