तो हंडा माझा नव्हता

ती. बाबा,
पाया पडते. फोनवर हे बोलवेना, म्हणून लिहितेय.

मी बरी आहे. गोरेगावात सिनेमाच्या सेटसाठी पितळी दिवे बनवते. जेवणही वेळेवर होतं. तुमचा खांदा कसा आहे? आई शेकते ना?

गेल्या महिन्यात बोरीवलीत माझ्या तांब्याच्या कामांचं प्रदर्शन होतं. तुम्ही घडवलेला हंडाही मी तिथे मांडला होता. एका पत्रकार बाईंनी त्यावरून हात फिरवत विचारलं, "किती सारखे ठोके! कुणाचं काम?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझंच."

सहा वर्षं तुमच्या शेजारी बसून ठोका धरायला शिकले, आणि तुमचं नाव घेतलं नाही. हंड्याचा फोटो माझ्या नावानं पेपरात आला. तुम्ही तो कापून दुकानात लावलात, असं आई म्हणाली. स्वतःचा हंडा तुम्ही ओळखला असणारच, तरी मला एका शब्दानं विचारलं नाहीत.

काल त्या बाईंना फोन करून खरं सांगितलं. त्या चुकीची दुरुस्ती छापणार आहेत. लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत.

बाबा, हवं तेवढं रागवा. पण परत फोनवर नुसतं "जेवलीस का?" विचारून ठेवून देऊ नका.

तुमची,
अपूर्वा