एका अक्षरावाचून

प्रिय डावऱ्या,

अकरा वर्षांनी माझे पत्र, आणि तेही छापील, हे पाहून तू चष्मा दोनदा पुसशील, हे मी जाणतो. घाबरू नकोस. ही निमंत्रणपत्रिका नव्हे आणि माझी निधनवार्ताही नव्हे. तिचे मुद्रितशोधन मी स्वतः केल्यावाचून ती निघणार नाही. या अक्षरांकडे नीट पाहा. काही आठवते? छापखान्याच्या माडीवर, उत्तरेच्या खिडकीशी बसून ज्या तक्त्यापायी मी दोन वर्षे मान मोडून घेतली, तीच ही अक्षरे. माझ्या नातीने त्यांचा फॉन्ट केला आहे. म्हणजे संगणकावर बोट टेकवावे आणि माझ्या हातचा 'क' उमटावा. एकच अक्षर अद्याप त्यात बसलेले नाही. त्याचे कारण पुढे सांगेनच. तोवर ते अक्षर ज्या शब्दात येते, तो शब्दच मी वर्ज्य केला आहे. तेव्हा कुठे 'प्रातःसमयी' असे काही जडजंबाल दिसले, तर म्हातारा पंडिती मिरवतो असे म्हणू नकोस. निरुपाय आहे.

नात माझ्यावरच गेली आहे. तिने तो जीर्ण तक्ता यंत्रात घालून त्याचे चित्र उतरवले आणि पडद्यावर माझा 'ग' दाराएवढा केला. आपण भिंगातूनही न पाहिलेली प्रत्येक खोड बाहेर आली. कुठे बोरूचे टोक फाटलेले, कुठे शाई कागदात झिरपलेली, आणि 'श'च्या पोटात तुझ्या चहाचा थेंब! ती अक्षराच्या कडेकडेने बारीक ठिपके मांडते, दोन ठिपक्यांमधली रेघ माउसने ताणते, वाकवते, आणि कड बंद झाली की आत रंग भरते. पहिल्या दिवशी तिने माझी सर्व थरथर इस्त्री करून टाकली. मी म्हणालो, बाई गं, हे अक्षर आहे की न्हाव्याने तासलेली हनुवटी? ती म्हणाली, आजोबा, चूक दिसली की सुधारावी, असे तुम्हीच म्हणता ना? मी म्हणालो, चूक आणि हात यांत फरक असतो. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी तिने निम्मे ठिपके पुसले आणि 'ग' पुन्हा श्वास घेऊ लागला. शिरोरेषेने तर आमचा अंत पाहिला. अक्षर सुटे असताना दिमाखदार. शब्दात बसवले की दोन अक्षरांमध्ये केसाएवढी फट, जणू रांगेतल्या माणसांचे आपसांत पटत नाही. अखेर तिने प्रत्येक शिरोरेषेचे टोक शेजाऱ्याच्या हद्दीत किंचित घुसवले. याला शेजारधर्म म्हणतात, आजोबा, असे वर मलाच सुनावले. मला पटले, पण मी तसे दाखवले नाही.

प्रकरण अडले ते त्या एका अक्षरापाशी. नातीने मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाली, इथे तुमचा हात चुकला. इतरत्र जिथे रेघ जाड होते, तिथे ही बारीक आहे. जिथे बारीक, तिथे जाड. मी काही म्हणण्यापूर्वीच तिने एक बटण दाबून ते अक्षर आरशात दिसावे तसे फिरवून टाकले. मी ओरडलो. असा ओरडलो, की सूनबाई स्वयंपाकघरातून झारा घेऊनच धावत आल्या. होते तसे कर, म्हणालो. का, असे नातीने विचारले. अडतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. बोरूचे टोक उलट्या बाजूने कापणारा आपल्या माडीवर एकच माणूस होता.

तो दिवस तुलाही आठवत असेल. तक्ता दुसऱ्या दिवशी स्पर्धेला जायचा होता. संच पूर्ण, आणि त्या एका अक्षराचे माझे सतरा प्रयत्न टोपलीत. प्रत्येक प्रयत्न, कुणीतरी चष्म्यावर बसावे तसा. तू उजव्या हातात चहाचा पेला धरून माझ्या खांद्यावरून डोकावलास. हेडमास्तर, सरका, नाहीतर आज जेवण नाही, असे म्हणालास, आणि डाव्या हाताने, एका श्वासात, ते अक्षर कागदाच्या तुकड्यावर उतरवलेस. घ्या, चिकटवा. मी चिकटवले. सुवर्णपदक आले. व्यासपीठावर मी म्हणालो, या तक्त्यावरील प्रत्येक रेघ माझ्या हातची आहे. व्याकरणदृष्ट्या त्या वाक्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तू तिसऱ्या रांगेत बसून सर्वांहून जोरात हात बडवत होतास. त्यानंतर आपण त्याविषयी कधीही बोललो नाही. तू गाव सोडलेस, पत्रे लिहीत राहिलास, आणि मी काय केले? त्या पत्रांतील ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने दुरुस्त करून ती तुलाच परत धाडली. अकरा वर्षांपूर्वी तू लिहिणे थांबवलेस, तेव्हा त्याला मी तुझा आडमुठेपणा म्हणालो.

नातीने सर्व ऐकून घेतले. रागावली नाही, हसलीही नाही. ते अक्षर संचातून उचलून बाजूला ठेवले आणि म्हणाली, ज्यांचे आहे त्यांनी हो म्हटल्यावाचून हे यात जाणार नाही, आणि हे नसेल तर फॉन्ट घराबाहेर जाणार नाही. मी म्हणालो, मीच नवे काढतो. काढा की, म्हणाली, आणि कागद पुढे सरकवला. गेले पंधरा दिवस प्रातःसमयी (हा आलाच तो शब्द) बोरू घेऊन बसतो. टोपली ओतताना सूनबाई विचारतात, बाबा, आज किती चष्मे मोडले?

छापील मजकूर इथे संपला. आता हाताने लिहितो, कारण हाताला कुठलेही अक्षर वर्ज्य नाही. ळ. सकाळ, वेळ, काळ, मूळ. पाहिलास? अडतीस वर्षांनीही तसाच येतो, चष्म्यावर कुणी बसल्यासारखा. तक्त्यावरचा ळ तुझा होता, आणि व्यासपीठावर मी खोटे बोललो. हे एवढेच लिहायचे होते. त्याला इतका कागद लागला. सोबत नातीने दिलेला फॉन्टच्या नोंदणीचा अर्ज आहे. त्यावर 'अक्षरकार' या शब्दापुढे दोन रेघा आहेत. खालच्या रेघेवर मी सही केली आहे; वरची तुझ्यासाठी मोकळी आहे. ती मोकळीच राहिली, तर फॉन्ट माझ्या खणात पडून राहील, आणि त्याबद्दल मी तुला एका शब्दानेही बोल लावणार नाही. पण सही कर वा न कर, एक काम मात्र कर. तुझ्या घरी लाल शाई असेलच. या परिच्छेदातला माझा प्रत्येक ळ खोड, त्यावर तुझा काढ, आणि पत्र तपासून मला परत पाठव.

तुझाच,
हेडमास्तर