समुद्राकडच्या खोलीतली धुरी

सडक अर्जुनी,
रविवार, ४ नोव्हेंबर २०१२

चि. समीक्षास,

सप्रेम जय भीम. तू, लोकेशराव आणि बाळ दोहात मजेत असाल. इकडे हलकं धान कापून झालं, भारी धान उभं आहे. थंडी अजून पडलेली नाही.

फोनवर बोलताना आई शेजारीच बसलेली असते आणि तुमचा मेल दोघांचा एकच आहे. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने. आधी जे घडलं ते लिहिते.

१. तुझं बाळंतपण आटोपून आई १८ ऑक्टोबरला नागपूरला उतरली. तब्येत चांगली आहे.
२. दुसऱ्या दिवशी तिने विहारात बायकांना खजूर वाटले.
३. २७ तारखेला तुझं पाकीट आलं. त्यात आईचं पुन्हा तिकडे येण्याचं तिकीट, १४ डिसेंबरचं. मुक्काम सहा महिने.
४. तिने ते माझ्याकडे दिलं. मी वाचून दाखवलं.
५. त्यानंतर या विषयावर घरात बोलणं नव्हतं. काल झालं.

सबस्टेशनवर विजेची लाइन बंद पडली की आम्हाला आधी फक्त क्रम लिहावा लागतो. कारण नंतर, खात्री झाल्यावर. तीच सवय लागली आहे.

हॉटेलचं तू फोनवर सांगितलंस त्यापेक्षा मला आता जास्त माहीत आहे, कारण आई दुसरं काही बोलत नाही. लोकेशरावांना चांगल्या कामाबद्दल त्यांच्याच हॉटेलात पाच दिवस राहायला मिळालं, ते ड्युटीवर आणि तुम्ही तिघं समुद्राकडच्या खोलीत. "खाटेवरूनच समुद्र दिसे व. उठाचंही काम नाही," असं ती रोज सांगते. सकाळी ती स्वतःच पलंग आवरायची, म्हणून साफसफाईची बाई आधी रागावली. मग दोघी मिळून चादर ओढू लागल्या, एक टोक तिच्याकडे, एक आईकडे. आता इथे आई माझीही चादर तशीच गादीखाली घट्ट खोचते. झोपताना पाय हलवता येत नाहीत.

विहारात रुख्माकाकूने विचारलं, "कुठं होतीस व इतके दिवस?"

"लेकीकडे."

"लेक त तुही इथंच लाइनीवर हाय."

"लहानी हाय ना माही."

"लहानी त तुह्या बहिनीची."

"बहिनीची काऊन? भरवलं कोनं तिले?"

"बरं बाई. हाटेलवाली झालीस आता. आमच्या सतरंजीवर बसनं होते का तुह्यानं?"

सगळ्या हसल्या. मीही तिथेच होते.

धुरीची गोष्ट तर तिने वस्तीत प्रत्येकाला सांगितली आहे. हॉटेलच्या दारापाशी ते लोक निखाऱ्यावर सुगंधी लाकूड जाळतात, ते पाहून तिने लोकेशरावांकडून तसलंच धुपाटणं मागून घेतलं. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं आणि खोलीत ओवा नि लसणाच्या सालींची धुरी केली. सव्वा महिना झाला नव्हता, धुरी चुकवायची कशी? छतात धूर ओळखणारं यंत्र असतं हे तिला माहीत नव्हतं. तुला माहीत असायला हवं होतं. घंटा वाजली, गणवेशातली माणसं धावत आली, खालून मॅनेजर आला. ही बाई कोण, असं त्याने विचारल्यावर तू ओल्या केसांनी तिच्यापुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माय मदर."

हे दोन शब्द ती अगदी तुझ्यासारखे म्हणते. हनुवटी वर करून. भाजीवाल्यालाही म्हणून दाखवले.

मला ते कधी कुणाला सांगावं लागलेलं नाही. इथे सगळ्यांना माहीतच आहे.

मावशी गेली आणि तू आमच्याकडे आलीस तेव्हा तू चार वर्षांची होतीस, मी सहाची. आई मध्ये झोपायची. तू रडायचीस म्हणून तिचं तोंड तुझ्याकडे असायचं. ते बरोबरच होतं. तिच्या पाठीवर उजव्या खांद्याखाली एक तीळ आहे, तो तुला बहुधा माहीत नसेल.

काल संध्याकाळी मी पोपटीच्या शेंगा सोलत होते. आई म्हणाली, "तू काऊन इचारत नाहीस मले, जातेस का म्हनून?"

"जायचं आहे का?"

"पोट्टी बोलावून राहिली त..."

"मी बोलावलं असतं तर?"

तिला खरंच नवल वाटलं. "तू कायले बोलावशील व? तू त घरीच हायेस."

मी शेंगा सोलून पूर्ण केल्या.

बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच आहोत. ती तिकडे आली की घरात मी एकटी राहीन, हा मुद्दा नाही. म्हणून त्याला वर क्रमांक दिलेला नाही.

मुद्दा असा. जानेवारीत तू नोकरीवर परत जाणार आहेस, हे लोकेशराव फोनवर बोलून गेले. तिकिटाबरोबरच्या चिठ्ठीत तू ते लिहिलं नाहीस. "आई, समुद्र तुझी वाट पाहतोय," एवढंच लिहिलंस. हॉटेलचे दिवस पाचच होते. आता ती नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर बाळ सांभाळणार, आणि खिडकीतून समोरची इमारत दिसते हेही मला तिनेच सांगितलं आहे. तिचे गुडघे कसे आहेत ते तू पाहिलंस.

तेव्हा मला एवढंच कळव. तुला बाळासाठी कुणी हवं आहे, की आई हवी आहे? बाळासाठी असेल तर तिथे पगारी बाई मिळेल, मी आईला पाठवणार नाही. आई हवी असेल, काही काम न करताही हवी असेल, तर तसं स्पष्ट लिही. मी रजा टाकून तिला नागपूरच्या विमानतळावर स्वतः सोडीन. दोन्ही असेल तर दोन्ही लिही, पण आधी कोणतं, ते लिही.

उत्तर ३० नोव्हेंबरपर्यंत माझ्या नावाने सबस्टेशनच्या पत्त्यावर पाठव. जे लिहिशील ते मी आईला जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे.

रश्मी