उभ्यानं मोजलेली नाडी

बाबा,

आज रविवार, शाळेला सुट्टी आहे, आणि घड्याळात साडेआठ वाजून गेले आहेत. ही वेळ मला अजूनही तुमचीच वाटते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, मी वाशीमला राहायला आले, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी साडेआठ वाजले की सरकारी फार्मच्या कुंपणातलं ते पत्र्याचं नळकांडं आठवतं. तुम्ही फार्मवरचे मुकादम. मजूर लावणं, बियाण्यावर नजर ठेवणं, पाटाचं पाणी सोडणं ही तुमची कामं. पण जीव अडकलेला असायचा तो पर्जन्यमापकात. पावसाळा असो की नसो, तुम्ही रोज साडेआठला तिथे जाणार, झाकण काढणार, आतली बाटली उचलून पाणी काचेच्या नळीत ओतणार. पाणी नसलं तरी बाटली उलटी करून पाहणार आणि नोंदवहीत शून्य लिहिणार. मी लहान, तुमच्या मागे मागे. उकिडवी बसते, डोळा पाण्याच्या रेषेच्या समोर आणते, कारण वरून पाहिलं की आकडा खोटा येतो हे तुम्ही शिकवलेलं. रिठद गावाकडे जाणारे लोक सायकल थांबवून कुंपणावरून ओरडायचे, "मुकादम, आज ऊन किती पडलं तेबी मोजून टाका!" आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचे, "आन भांडं. मोजतो."

त्या नोंदवहीवरून तुम्ही मला एकदाच रागावलात. मी बारा वर्षांची असेन. तुम्हाला कामासाठी वाशीमला जायचं होतं, आणि पाऊस मोजण्याचं काम तुम्ही माझ्यावर सोपवून गेलात. रात्री भुरभुर झाली होती. सकाळी मी मैत्रिणींबरोबर चिंचा पाडत बसले आणि दहा वाजता आठवण झाल्यावर धावत जाऊन, झाकणही न उघडता, वहीत 'चार' मिलिमीटर लिहिलं. अंगणातली माती जेवढी ओली दिसत होती त्यावरून काढलेला तो अंदाज. संध्याकाळी तुम्ही वही पाहिली. बाटलीतलं पाणी अजून तसंच होतं. तुम्ही हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. मला पुढ्यात बसवून विचारलं, "पाह्यलं होतं का तू?" मी मानेनेच नाही म्हटलं. "मंग चार कुठून आणले वं? आभायातून?" मला रडू फुटलं. तुम्ही म्हणालात, "शून्य म्हंजे पाह्यलं अन् नव्हतं. रिकामं म्हंजे पाह्यलंच नाई. नाई पाह्यलं तं रिकामं सोडजो, पण न पाह्यता भरू नको." मग माझ्याकडूनच तो आकडा खोडायला लावलात, आणि शेजारच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहवून घेतलं: मोजमाप घेतले नाही. तुमच्या इतक्या वर्षांच्या वहीत तेवढी एकच ओळ माझ्या अक्षरातली होती आणि तिची मला किती दिवस लाज वाटत राहिली. त्याच वर्षी दिवाळीनंतर बियाण्याच्या दुकानातून तुम्हाला भेट मिळालेली डायरी तुम्ही मला दिलीत. "यात तुह्यं लिव. पण पाहून लिव." तेव्हापासून मी लिहिते आहे. आज जे लिहिते ते त्याच सवयीने.

आपल्या घरात कंठापासून बेंबीपर्यंत जे काही दुखेल ते ग्यास. आईच्या फडताळात ओवा आणि काळ्या मिठाची बरणी हाताशी ठेवलेली. आजीचं पोट फुगलं, ओवा. काकाच्या पाठीत चमक निघाली, ओवा. तुम्ही तर जेवण झालं की तळहात पुढे करायचे आणि आई न बोलता त्यावर चिमूट ठेवायची. मला तो वास अजून आवडतो. स्वयंपाकघरात कुणी ओवा चोळला की मी क्षणभर तुमच्या पाटाशेजारी जाऊन बसते. म्हणूनच पुढचं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

होळी होऊन गेली होती. मी बी.एस्सी.ची परीक्षा देऊन घरी आलेली. आई गव्हाच्या सोंगणीला गेली होती आणि मी चुलीपुढे भाकरी थापत होते. तुम्ही आत आलात, पाटावर बसलात आणि चहा मागितला नाही. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. म्हणालात, "छातीत दाटल्यावानी होऊन राह्यलं वं." मी विचारलं, "कवापासून?" "पहाटीपासून. ग्यासच असन. रातच्याले वांगे जास्त झाले." मी पिठाचा हात पुसला, बरणी काढली, तुमच्या तळहातावर ओवा आणि काळं मीठ ठेवलं, गरम पाणी दिलं. तुम्ही चावलंत, एक ढेकर दिलीत. ती खरी होती की मला दाखवायला काढलेली, हे मी आजवर ठरवू शकले नाही. "पाह्य, उतरलं," असं म्हणून तुम्ही चपला घातल्या आणि फार्मवर पाऊस मोजायला निघालात. तुमच्या कपाळावर घाम होता. बाबा, तो मला दिसला होता. चुलीची धग असेल, असं मी मनात ठरवून टाकलं. सायन्स शिकलेली मुलगी मी. निंदणीला आलेल्या बायांना तुम्ही कुंपणाला पाठ टेकून बसलेले सापडलात. वही मिटलेली, पेन खिशाला अडकवलेलं. नंतर कुणीतरी ती वही घरी आणून दिली तेव्हा पाहिलं. त्या दिवसाच्या रकान्यात तुमच्या अक्षरात शून्य होतं.

आता माझं सांगते. चार वर्षांपूर्वी एका तापानंतर हे सुरू झालं. मी शिकवते त्या शाळेत राष्ट्रगीताला उभी असताना छातीत घोडा पळतो तसं धडधडायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खांब धरला. मग ते रोजचंच झालं. उभं राहिलं की धडधड, हात गार, डोकं हलकं. त्याच्या जोडीला पोट. अर्धी भाकर खाल्ली की दुपारपर्यंत तटतटून राहतं, मळमळतं, ढेकर येत नाही. आणि छातीतलं दुखणं. डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, कधी सुरीसारखं बारीक, कधी कुणी अंगठ्याने दाबून धरल्यासारखं. ते पहिल्यांदा आलं तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते आणि मला दुसरं कुणी नाही, तुम्हीच आठवलात. हृदयाचा आलेख काढला, सोनोग्राफी केली, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवून पाहिलं, तोंडातून नळी घालून पोट पाहिलं. सगळं नॉर्मल. पहिल्या रिपोर्टला मी देवापुढे साखर ठेवली. चौथ्या रिपोर्टला मला तो कागद फाडावासा वाटला. "टेन्शन कमी करा, मॅडम," हे मी इतक्या वेळा ऐकलं की खरंच टेन्शन आलं. शिक्षकांच्या खोलीत आमचे गणिताचे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, तुमचं बरं हाय बाप्पा. रिपोर्ट समदे नॉर्मल, अन् रजाबी मंजूर!" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन डायरीत लिहिलं, की कदाचित ते म्हणतात तेच खरं असेल. आई, जी आता माझ्याकडेच असते, तिचं निदान पक्कं होतं. "तुही बेंबी सरकली. या दवाखानेवाल्याईले काय समजते?" तिने गावाकडून पोट चोळणारी म्हातारी आणवली. प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन दिवस बरं वाटलं. कशाने, ते माहीत नाही. तो रकाना मी रिकामा ठेवला आहे.

त्या काळात मी स्वतःची चौकशी फार केली. दुखतं तेव्हा खरंच दुखतं का, की तुमचं मरण माझ्या छातीत घर करून बसलं आहे? मुलगी बापाचं दुखणं उचलते म्हणतात, तसं काही मी करते आहे का? सकाळी शाळेत जायच्या वेळी जास्त का होतं? रविवारी का होत नाही? मग मी नोंद ठेवायला लागले आणि दिसलं, रविवारीही होतं. फक्त रविवारी मी लोळलेली असते. आडवी असताना नाडी शांत, उभी राहिले की धावते. पण हे मी मोजलेलं, पेशंटने. त्याला कोण विचारतो?

मागच्या वर्षी अकोल्याला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझी फाईल बाजूला सारली आणि मला दहा मिनिटं निजवलं. नाडी बहात्तर. मग म्हणाल्या, "आता उठा. भिंतीला टेकायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं." दर दोन मिनिटांनी त्या मोजत होत्या. माझे पाय जांभळे व्हायला लागले ते त्यांनीच मला दाखवलं. दहाव्या मिनिटाला नाडी एकशे चोवीस. त्यांनी विचारलं, "आजवर तुम्हाला उभं करून कुणी मोजलं होतं का?" बाबा, मी तिथेच रडायला लागले. त्यांना वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते. इतकी वर्षं सगळ्यांनी मला निजवून नाहीतर चालवून मोजलं होतं आणि शून्य लिहिलं होतं. जिथे दुखतं तिथे झाकण उघडून कुणी पाहिलंच नव्हतं. या दुखण्याला डिसऑटोनोमिया म्हणतात असं त्या म्हणाल्या. आपण न सांगता शरीर जी कामं करतं, ठोके, रक्तदाब, अन्न पुढे सरकवणं, ती सांभाळणाऱ्या नसांचा अंदाज चुकतो. हे मनाचे खेळ नाहीत. पण लगेच त्यांनी दुसरंही सांगितलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा जास्त आदर वाटला. "धडधड आणि चक्कर यातून समजते. पोटाचं बहुतेक यातलंच. छातीच्या दुखण्याचं कारण मला आज सांगता येत नाही. मोठी कारणं पाहिली, ती सापडली नाहीत, एवढंच." शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "यांना कधी वेगळ्या तऱ्हेचं दुखलं, तर नेहमीचंच आहे म्हणून घरी बसू नका. आणि ताई, तुम्ही लपवू नका." मी हो म्हणाले.

तेव्हापासून आयुष्य एका वेगळ्याच चालीने चाललं आहे. पलंगावरून उठताना आधी बसते, मग पाय खाली सोडते, मग उभी राहते. घट्ट मोजे घालते, उन्हाळ्यातसुद्धा. वर्गात उंच स्टुलावर बसून शिकवते. जेवण थोडं थोडं, पाच वेळा. मीठ जास्त खा असं डॉक्टरने सांगितलेली आपल्या घराण्यातली मी पहिलीच असेन. आईने आनंदाने लोणच्याच्या दोन बरण्या वाढवल्या आहेत. बरे दिवस असतात, आणि वाईट दिवसांची आता लाज वाटत नाही. कधी कधी मनात येतं की तुम्हालाही हेच असेल का. उन्हात बांधावर तुम्ही मधेच खाली बसायचे, "डोस्कं हलकं झालं" म्हणायचे. तसं लिहून टाकावं असं फार वाटतं, कारण मग आपलं दुखणं एकच ठरेल आणि मी तुमच्याजवळ येईन. पण मी ते पाहिलेलं नाही, आणि आता कुणीच पाहू शकत नाही.

छातीतलं दुखणं मात्र येतं-जातं, आणि दर वेळी मला एकटीला ठरवावं लागतं, हे रोजचं की तुमचं. बहुतेकदा रोजचंच निघतं. शंभरदा निघालं की माणूस एकशे एकव्या वेळी सांगायला लाजतं. नवऱ्याची पुन्हा धावपळ, पुन्हा आलेख, पुन्हा तोच कागद, आणि दवाखान्यातली ती नजर. तुम्ही त्या सकाळी ढेकर काढून दाखवलीत ती माझ्यासाठीच, माझी भाकरी तव्यावर होती म्हणून, हे मला आता आतून कळतं. त्यासाठी मी तुमच्यावर रागावले आहे, हेही आजच कळलं.

आणि मीही तेच करते आहे. आज पहाटेपासून दुखतं आहे. नेहमीच्या जागी नाही. जरा वर, मधोमध, आणि खांद्यात ओढ आहे. आडवी झाले तरी कमी झालं नाही. सकाळी नवऱ्याने विचारलं, "तोंड काहून उतरलं वं तुह्यं?" मी म्हणाले, "झोप नाई झाली." आई म्हणाली, "चहा घे, बरं वाटन." मी घेतला. मग ही वही घेऊन मागच्या खोलीत आले आणि तुमच्या फार्मपासून लिहायला लागले, इतकं सविस्तर, की जणू आज दुसरं कामच नाही. तुमचे जावई पुढच्या खोलीत पेपर वाचत आहेत, दहा पावलांवर. त्यांच्याकडे जायच्या ऐवजी मी तुमच्याकडे आले, कारण तुम्ही घाबरणार नाही आणि गाडीही काढणार नाही. पत्र इथेच थांबवते. त्यांना काय म्हणायचं ते ठरवलं आहे: पहाटेपासून वेगळंच दुखते, अन् मी तुमाले खोटं सांगितलं.