पुसलेली लादी

२१ जुलै, सोमवार

मे महिन्यानंतर इथे एक ओळ नाही. माफी मागायची तर ती माझीच मागायला हवी, रोज लिहीन असं मीच मला सांगितलं होतं. कारणं आहेत. ओवीचं पाळणाघर बंद झालं, चार वर्षांच्या पोरीला सांभाळायला शहापुरात कुणी मिळेना, माझ्या रजा संपल्या. जूनपासून चांगुणाबाई येतात. कातकरवाडीवरच्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण मला ताई म्हणतात. ओवी त्यांना नुसतं चांगु म्हणते आणि त्यांना ते चालतं.

आज मुरबाडहून, कॉलेजच्या ग्रंथालयातून, घरी येते तर गॅलरीत भातशेती. बिल्डिंगच्या मागचा चिखल घमेल्यात भरून वर आणलेला, तो गॅलरीभर पसरलेला, दोघींनी पायांनी चिखलणी केलेली आणि त्यात गवताची काडी न् काडी ओळीने लावलेली. ओवीच्या पायांचे ठसे तिथून हॉल, सोफा, फ्रिज, पुन्हा हॉल. कानातसुद्धा चिखल. चांगुणाबाई छत्री घेऊन दारात तयार. दर वर्षी या दिवसांत त्या लावणीला जातात, यंदा आमच्याकडे आहेत म्हणून गेल्या नाहीत. म्हणाल्या, "लई खेळली, ताई. सगला शेत तिनंच लावला." आणि गेल्या.

मी लादी पुसत होते तेव्हा संतोष कामावरून, वाशिंदहून आला. त्याचं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या वेळात पसारा, त्याने तो आवरायचा. मी म्हटलं, आपण त्यांना पोरीसाठी ठेवलंय, लादीसाठी नाही. एका पगारात दोन कामं घ्यायची हे मला पटत नाही. तो म्हणाला, मग पूस. पुसलं. दमले, आणि दमताना जरा थोर वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

२३ जुलै, बुधवार

चांगुणाबाईंना सांगून टाकलं की खेळ हवा तसा होऊ दे, पुसायचं तुम्ही बघू नका, मी करीन. त्या "बरा" म्हणाल्या. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

समोरच्या राणेवहिनी जिन्यात भेटल्या. बायांना इतकं डोक्यावर बसवू नये म्हणे. मी त्यांना श्रमांच्या मोलाबद्दल बरंच ऐकवलं. ऐकवायची गरज नव्हती. त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती, ती गळत होती.

२५ जुलै, शुक्रवार

आज नको म्हटलेलं असूनही चांगुणाबाईंनी पुसून घेतलं. ओवीच्या जुन्या फ्रॉकने. सगळ्या हॉलभर तपकिरी कमानी उमटल्या, वाळल्यावर आणखी दिसायला लागल्या. त्या दाराबाहेर पडताच बादलीत फिनेल टाकून मी पहिल्यापासून पुसायला घेतलं. दोन लाद्या झाल्या असतील, तेवढ्यात त्या जिन्यातून परत आल्या, मोबाइल चार्जिंगला राहिला होता. मी आत या म्हटलं. लादी ओली आहे म्हणाल्या, तुमीच द्या. दिला.

ओवीला सर्दी. ग्रंथालयात नव्या पुस्तकांचे गठ्ठे तसेच पडलेत, सोमवारी बघायला हवं.

२९ जुलै, मंगळवार

कालपासून घर इतकं स्वच्छ आहे की दार उघडल्यावर आपण चुकीच्या मजल्यावर आलो की काय असं वाटतं. ओवीची वेणी घातलेली, फ्रॉक सकाळचाच, नखं कापलेली. घमेलं धुऊन मोरीत पालथं. संध्याकाळी मी आणि संतोष चक्क बसून चहा प्यायलो. तो म्हणाला, बघ, नीट सांगितलं की माणसाला समजतं. मी काय नीट सांगितलं होतं ते मला आठवेना, पण मी हो म्हटलं. फार हलकं वाटलं. बादली न उचलण्याचं एवढं सुख असतं?

३१ जुलै, गुरुवार

ओवी जेवताना म्हणाली, चांगु आत येत नाही. म्हणजे कुठे बसते? जिन्यात. आणि तू? मीपण जिन्यात.

राणेवहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, हो, सोमवारपासून दोघी दिवसभर पायरीवर, दार उघडं, पोरगी फक्त जेवायला आणि झोपायला आत. वर म्हणाल्या, बरंच आहे की, घर तरी घर राहतं. मला त्यांचा राग आला. परवा चहा पिताना मलाही नेमकं हेच वाटलं होतं.

मग स्वयंपाकघरात पाहिलं. त्यांच्यासाठी मी थर्मासमध्ये चहा ठेवून जाते, तो जसाच्या तसा. कप कोरडा. पाण्याची बाटली त्या घरून आणतात, ती मी दोन दिवस पाहत होते, पण पाहिली नव्हती.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी विचारलं. म्हणाल्या, आत गरम होतंय. बाहेर पाऊस, आत पंखा फुल. पगार कमी पडतो का विचारलं, नाय म्हणाल्या. दुसरीकडे काम बघताय का, त्यालाही नाय. माझी गाडी निघत होती. विचारायचं राहिलं ते हे, की मी काय केलं.

२ ऑगस्ट, शनिवार

गठ्ठे सोडवताना आठवलं. सुतळी कापत होते आणि एकदम माझ्या हातातली बादली दिसली. माझ्या बाजूने नाही. दारातून, त्यांना दिसली असेल तशी. त्यांनी घर पुसलं, त्या गेल्या, आणि लगेच घरची बाई त्याच लादीवरून फिनेल फिरवतेय.

असं काही आम्ही पाळत नाही. हे वाक्य मी कॉलेजात कितीदा बोलले असेन. आज ते मनाशी बोलायला गेले आणि अडखळले. डाग होते, खरंच होते. पण स्वतःला नीट विचारायचं ठरवलं. उन्हाळ्यात नणंद आली होती. तिच्या हातून दूध सांडलं, तिने पुसलं, लादी चिकट राहिली. मी परत पुसली का? पुसली. म्हणजे माझी खोडच आहे, असं म्हणून सुटल्यासारखं वाटलं, कॅन्टीनपर्यंत चालत गेले. तिथे पुढचं आठवलं. नणंद असताना नव्हती पुसली. ती गावाला जाईपर्यंत थांबले होते. तिला वाईट वाटू नये म्हणून.

चांगुणाबाई जिना उतरेपर्यंतही मी थांबले नव्हते.

संतोषला सांगितलं. तो म्हणाला, तू उगाच खणत बसतेस, त्या असा विचार करत नसतील. करत नसतील तर जिन्यात का बसतात, असं विचारलं तर तो ओवीला झोपवायला उठला. त्या सोडून गेल्या तर? ओवीचं कसं होईल, ते एक. पण त्या हे मनात घेऊन गेल्या तर, त्याची जास्त भीती वाटतेय. उद्या रविवार, त्या येणार नाहीत. वाडीवर जाऊन बोलावं का? चार माणसांत त्यांना अवघड होईल. की मलाच?

४ ऑगस्ट, सोमवार

अर्धी रजा टाकून दुपारी आले. दोघी पायरीवर, ओवी मांडीवर झोपलेली. मी खालच्या पायरीवर बसले. चांगुणाबाई उठायला लागल्या, पोरीमुळे त्यांना उठता आलं नाही.

पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, त्या दिवशी मी परत पुसत होते ते चिखलाचे डाग राहिले होते म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं. पण तुम्हाला तसं दिसलं असेल, आणि तुम्ही जिना उतरेपर्यंतही मी थांबले नाही. माझं चुकलं.

त्यांनी ओवीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग आधीच्या एका घराचं सांगितलं. तिथेही पोर सांभाळायच्या. त्या उठल्या की बसलेली जागा धुतली जायची. कुणी कधी वेडंवाकडं बोललं नाही. सणाला साडी द्यायचे.

"गोड बोलायचे ताई, लई गोड. तुमी पन गोडच बोलता. मंग कोन कशाला पुसतंय, ता मला कसा कळायचा?"

खरंच कसं कळणार? मला तरी माझं पूर्ण कळलंय असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का? तेच म्हटलं त्यांना, जसं जमलं तसं. आणि हेही विचारलं की पुसायचं तुम्ही बघू नका म्हटलं होतं, तेही तसंच लागलं होतं का? त्या म्हणाल्या, तेच आधी लागलं होतं. एवढी मोठी बाई कामावरून येऊन आपल्या हाताने लादी पुसते आणि मला फडक्याला हात लावू नको म्हणते. तेव्हा काय समजायचं?

म्हणजे जे करताना मला थोर वाटलं होतं, नेमकं तेच.

मग त्यांच्या तोंडावर जरा काहीतरी हललं. "पन चिखल राहिला होता, हां. मला दिसत होता. गाडी जात होती म्हनून मी कसाबसा फिरवला न् पलाले."

मला हसू आलं, त्यांनाही. ओवी जागी झाली आणि हसण्याचं कारण विचारत राहिली. मग ठरलं ते असं. खेळाचा पसारा खेळणाऱ्यांचा, म्हणजे त्यांचा आणि ओवीचा. स्वयंपाकघर आणि बाकीचं घर आमचं. त्यांची अट एकच. "मी पुसला का पुसला. राहिला त सकाली मला दाखवायचा. माझ्या पाठीमागं फडका घ्यायचा नाय." त्यात लादीचं काम धरून पगार वाढवायचा, हे मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ता त हवाच."

दार उघडून आत गेल्या. चहा थंड झाला होता, तोच प्यायल्या. मी मुद्दाम बघत नव्हते आणि बघत होते.

६ ऑगस्ट, बुधवार

शेती पुन्हा सुरू. या वेळी बांधही घातलाय. ओवीला स्वतःच्या हाताने पुसायला लावलं होतं, त्यामुळे जिथे चिखल नव्हता तिथेही पोचला. मागाहून चांगुणाबाईंनी पुसलं, तरी फ्रिजच्या पायाशी एक कमान राहिलीच. संध्याकाळभर मला तेवढीच दिसत होती. एकदा फडकं हातात घेतलं. ठेवलं. संतोष म्हणाला, हे काय राहिलंय इथे? म्हटलं, हात लावू नकोस, सकाळी दाखवायचंय. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाईट वाटलं त्याचं.

७ ऑगस्ट, गुरुवार

दाखवलं. त्या वाकून बघून म्हणाल्या, ही सावली हाय. मी दिवा लावला. म्हणाल्या, जुना डाग असंल, तुमचाच. मी नखाने खरवडून चिखल दाखवला. "शालेत मास्तरीन होता का तुमी?" असं म्हणून पुसलं त्यांनी, पुटपुटत. ओवी मध्येच, चांगु हरली, चांगु हरली. माझी गाडी चुकली.

पुढच्या गाडीत बसून सारखं हसू येत होतं. किती दिवसांनी असं मोकळं वाटलं. त्या माझ्याशी भांडल्या. मीही भांडले, आणि तोंडावर.

१० ऑगस्ट, रविवार

सासूबाईंचा फोन, म्हसा रस्त्यावरच्या गावाहून. चार-आठ दिवस राहायला येतात, नातीला पाहून पुष्कळ दिवस झाले. संतोष खूश. मीही. ओवीवर त्यांची माया आहे, तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या बोरांचा डबा घेऊनच येतील. पण फोन ठेवल्यापासून एकच दिसतंय. गावी मजूर बायांचे कप पडवीत कोनाड्यात वेगळे असतात. लग्न झाल्यापासून पाहत आलेय. तिथे गेले की मीही त्या बायांना त्यांतच चहा देते. एकदाही काही बोलले नाही. चहा गोड करून देते.

११ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी चांगुणाबाईंना सांगितलं, आई येताहेत. त्या ओवीचे पाय धूत होत्या. हात थांबवला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

"म्हातारी आली का मी आत यायचा का भायेर बसायचा? ता आताच सांगा. दारात आल्यावर नको."

"आत."

"ता तुमी सांगता. त्यांना कोन सांगंल?"

मी म्हटलं, मी सांगेन. बरा, मंग येते, म्हणाल्या आणि छत्री झटकून गेल्या.

संतोष म्हणतो, आईला काय सांगायचं, ती कुणाला काही बोलणार नाही. मलाही तेच वाटतं, त्या काही बोलणार नाहीत. पण चांगुणाबाई उठल्या की त्या जागा धुतील की नाही, ते मला खरंच माहीत नाही. तो म्हणाला, इथे आल्यावर मी बघतो. इथे आल्यावर उशीर होईल. सांगितल्यावर त्या काय म्हणतील? रागावतील, हसतील, येणंच रद्द करतील? कदाचित नुसतं बरं म्हणतील आणि मीच इतके दिवस त्यांना ओळखलं नाही असं होईल. काहीच सांगता येत नाही.

तरी आज बरं वाटतंय. चांगुणाबाईंनी विचारलं तरी. मागच्या वेळी न विचारता जिन्यात जाऊन बसल्या होत्या.

उद्या: सासूबाईंना फोन. त्या पिशवी भरायच्या आत, आणि मीच.